डॅशबोर्डमधली रिकामी चौकट

मोटारीसोबत कारखान्यातून आलेला रेडिओ काढून त्याच्या जागी बाजारात विकत घेतलेला अधिक चांगला संच बसवणे, ही गोष्ट अमेरिका आणि युरोपातील मोटारींच्या इतिहासात हौशी ग्राहकाने केलेली सुधारणा म्हणून नोंदवली जाते. खानदेशात मात्र या कसबाची सुरुवात काही काढण्यापासून झाली नाही, कारण काढण्यासारखे गाडीत काही नव्हतेच. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील रस्त्यांवर १९८० च्या दशकापर्यंत दिसणाऱ्या ॲम्बॅसेडर, फियाट (जी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली) आणि महिंद्राच्या जीप या गाड्या सर्वसाधारणपणे रेडिओविनाच मालकाच्या हाती येत, आणि डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आलेली मारुती ८०० हीदेखील या बाबतीत त्यांच्याहून वेगळी नव्हती. त्यामुळे गाडीतील ध्वनीचा येथील इतिहास हा उत्पादकांच्या जाहिरातींपेक्षा, महामार्गालगतच्या गाळ्यात बसून डॅशबोर्डखाली डोके घालणाऱ्या कारागिराच्या हातांचा इतिहास आहे. त्याची लेखी नोंद फारशी कोणी ठेवली नाही, म्हणूनच तो तपशिलाने मांडणे आवश्यक ठरते.

मूळ शोधाचा कालक्रम थोडक्यात पाहता येतो. अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने १९३० मध्ये मोटारीत बसवता येईल असा रेडिओ तयार केला आणि त्याला दिलेले मोटोरोला हे नाव पुढे कंपनीलाही चिकटले. युरोपात जर्मनीच्या ब्लाउपुंक्ट कंपनीने १९३२ मध्ये तसाच संच आणला. हे संच निर्वात नळ्यांचे म्हणजे व्हॉल्व्हचे होते आणि व्हॉल्व्हला लागणारा उच्च दाब बॅटरीच्या तुटपुंज्या व्होल्टेजमधून मिळवण्यासाठी त्यांत पुढे व्हायब्रेटर नावाचा, सतत थरथरत प्रवाह तोडणारा-जोडणारा भाग असे, जो आवाज करी, तापे आणि लवकर झिजे. १९५५ मध्ये क्रायस्लरच्या गाडीसाठी संपूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा रेडिओ तयार झाला आणि ही अडचण संपली. फिलिप्सने १९६३ मध्ये छोटी कॅसेट आणली व त्याच दशकाच्या अखेरीस ती गाडीत वाजवणारे यंत्रही दिले. भारतातील लहान शहरांत मोटार-रेडिओ रुळू लागला तो ट्रान्झिस्टरच्या काळात, त्यामुळे व्हायब्रेटरची दुरुस्ती ठाऊक असलेले कारागीर येथे थोडेच असणार.

या कसबाला खानदेशात जी विशेष भूमी मिळाली, ती रस्त्यांमुळे. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, पूर्वेचे ठाणे जळगाव आणि पश्चिमेचे धुळे. या दोन गावांना जोडणारा पूर्व-पश्चिम रस्ता पुढे सुरत-नागपूर-कोलकाता असा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ बनला आणि धुळ्याला तो मुंबई-आग्रा मार्गाला, म्हणजे जुन्या क्रमांक ३ च्या महामार्गाला, छेदू लागला. दोन देशव्यापी मार्गांचा असा छेद ज्या गावाच्या वेशीत पडतो, तेथे टायर, बॅटरी, डायनामो आणि पाटे यांची दुकाने उभी राहतात व त्यांच्या मागोमाग रेडिओवालाही येतो. त्यातच रावेर, यावल, सावदा या पट्ट्यातील केळी ट्रक भरभरून उत्तरेकडे जाऊ लागली. केळी हा थांबू न देणारा माल आहे, तो हिरवा असतानाच बाजारात पोचवावा लागतो, आणि म्हणून चालकाला रात्र रात्र गाडी हाकावी लागते. त्याला जागे ठेवणारा आवाज ही चैन नव्हती, ती कामाचीच एक गरज होती, आणि या व्यवसायाचा पहिला भरवशाचा ग्राहक मोटारमालकापेक्षा ट्रकचालक होता असे मानण्यास पुरेसा आधार या भूगोलातच सापडतो.

गाडीत रेडिओ असला तरी त्यावर ऐकायचे काय, हा प्रश्न होता. १९५२ नंतर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी आकाशवाणीवर चित्रपटगीतांना आवर घातला आणि श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला, ज्यावर १९५२ मध्येच बिनाका गीतमाला सुरू झाली होती. सिलोनचा तो कार्यक्रम लघुलहरींवर म्हणजे शॉर्टवेव्हवर ऐकू येई. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली तरी लघुलहरींचे महत्त्व पुष्कळ काळ टिकले, म्हणून येथील ग्राहकाला केवळ मध्यम लहरींचा संच अपुरा वाटणे स्वाभाविक होते. शिवाय १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यानुसार रेडिओ संच बाळगण्यास परवाना लागे आणि त्याचे शुल्क टपाल कार्यालयात भरावे लागे; ही पद्धत १९८० च्या दशकात मोडीत निघेपर्यंत रेडिओ ही सरकारदरबारी नोंद असलेली वस्तू होती.

१९७६ मध्ये आकाशवाणीचे जळगाव केंद्र सुरू झाले, ही घटना या इतिहासात मध्यवर्ती मानावी लागेल. त्याआधी खानदेशात मुंबई, पुणे, नागपूर किंवा इंदूर या दूरच्या केंद्रांचे क्षीण प्रक्षेपण पकडावे लागे. आता ९६३ किलोहर्ट्झ या मध्यम लहरीवर जवळचा, ठणठणीत आवाज मिळू लागला आणि त्यातून बाजारभाव, शेतीची माहिती आणि आपल्याकडची गाणी ऐकू येऊ लागली. मध्यम लहरी जमिनीलगत दूरवर पसरतात, त्यामुळे त्या जिल्हाभर मिळतात, मात्र उच्च दाबाच्या विद्युतवाहिनीखालून जाताना त्यांत खरखर येते आणि चाळीसगाव-कन्नड घाटासारख्या ठिकाणी डोंगराच्या आडोशाला त्या मंदावतात. गाडीतील चांगला रेडिओ आणि साधा रेडिओ यांतला फरक अशाच जागी कळे.

हा फरक संचाइतकाच तो बसवणाऱ्याच्या हातावर अवलंबून होता. एरियल, म्हणजे गाडीच्या पुढच्या पत्र्यावर उभी राहणारी घडीची दांडी, बसवायची तर पत्र्याला भोक पाडावे लागे. त्या भोकाच्या कडेचा रंग खरवडून एरियलचा पाया बॉडीशी नीट टेकवला नाही तर अर्थिंग मिळत नसे आणि रंग पुन्हा न लावल्यास एका पावसाळ्यात तेथे गंज धरे. त्यानंतर १४०० किलोहर्ट्झच्या आसपासचे एखादे अशक्त केंद्र लावून, संचाच्या अंगावरील ट्रिमर नावाचा बारीक स्क्रू आवाज सर्वांत मोठा येईपर्यंत फिरवावा लागे, ज्यामुळे संच आणि एरियल यांचा मेळ बसे. ही शेवटची पायरी अनेक जण गाळत आणि दोष संचावर ढकलत. याहून घातक चूक ध्रुवांची होती: ब्रिटिश धाटणीच्या अनेक जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे, तर नवे संच ऋण टोक बॉडीला आहे असे गृहीत धरून बनवलेले असत, आणि हे न पाहता वायरी जोडल्या तर ट्रान्झिस्टर क्षणात जळत.

पेट्रोलच्या गाडीत आणखी एक शत्रू होता. स्पार्क प्लगला ठिणगी पोचवणारी यंत्रणा स्वतःच एक छोटे प्रक्षेपण केंद्र असते आणि इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी तिची टकटक रेडिओतून ऐकू येते. ती दाबण्यासाठी कॉइलला व डायनामोला कंडेन्सर आणि ठिणगीच्या तारेत सप्रेसर नावाचा रोधक लावावा लागे. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते, म्हणून खानदेशात पुढे बहुसंख्येने दिसू लागलेल्या डिझेल जीपमध्ये आणि ट्रकमध्ये ही टकटक नव्हती, तेथे फक्त अल्टरनेटरची चढती-उतरती शीळ काढायची असे. दोन्ही प्रकारच्या गाड्या हाताळणाऱ्या कारागिराला ही कारणमीमांसा पुस्तकाविना ठाऊक होती. काहींनी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा केला असेल, पण गाडीच्या वायरिंगचे ज्ञान ऑटो इलेक्ट्रिशियनच्या गाळ्यातच मिळे, आणि या दोन विद्या एका माणसात एकत्र येणे हाच या व्यवसायाचा खरा जन्म होय.

१९८० च्या दशकात कॅसेटने या व्यवसायाचे रूप पालटले आणि रेडिओ बसवणारा टेप बसवणारा झाला. दिल्लीत १९८३ मध्ये स्थापन झालेल्या टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी कॅसेट स्वस्त केली, आणि त्या स्वस्ताईचा अधिक मोठा परिणाम हिंदी चित्रपटगीतांपेक्षा प्रादेशिक बोलींच्या गाण्यांवर झाला, हे संगीत-अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी उत्तर भारताविषयीच्या १९९३ मधील ग्रंथात दाखवून दिले आहे. खानदेशालाही ते लागू पडते. अहिराणी ही या प्रदेशाची बोली, परंतु आकाशवाणीच्या वेळापत्रकात तिला मिळणारी जागा मोजकी होती. कॅसेटमुळे कानबाई या देवीची गाणी, लग्नातील गाणी आणि अहिराणी विनोदी गाणी थेट गाडीत पोचली आणि ती कधी ऐकायची हे चालक ठरवू लागला. अहिराणीच्या प्रसाराचा इतिहास लिहिताना छापील पुस्तकांची आणि साहित्य संमेलनांची जितकी दखल घेतली जाते, तितकीच काळी-पिवळी जीपच्या मागच्या स्पीकरची घेतली जायला हवी, कारण जी बोली शाळेत वापरायची नाही असे मुलांना सांगितले जाई, तीच बोली तालुक्याच्या रस्त्यावर मोठ्या आवाजात, न लाजता वाजत होती.

काळी-पिवळी, म्हणजे कमांडर, मार्शल किंवा ट्रॅक्स यांसारखी प्रवासी वाहतुकीची परवानाधारक जीप, ही टेपवाल्याची मोठी गिऱ्हाईक होती. एस.टी.च्या बसमध्ये गाणी नसत. खासगी जीपला प्रवासी ओढायचे तर वेळ, भाडे आणि गाणी या तीनच गोष्टी हाती होत्या. रात्री पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या गाड्यांनी तर याच्याही पुढे जाऊन व्हिडिओ कोच काढले.

टेप बसवल्यानंतर त्याला जगवणे हे खानदेशात वेगळेच काम होते. जळगाव-भुसावळ पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो आणि काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डावर तापमान त्याहून कितीतरी वर चढते. तेथे ठेवलेल्या कॅसेटचे प्लास्टिक वाकते, फीत कवचाला घासू लागते आणि गाणे लडबडते. संचातील रबरी पट्टा, जो मोटरची गती फीत ओढणाऱ्या चाकाला देतो, तो उष्णतेने सैल व चिकट होतो. वायरींच्या जोडांवर गुंडाळलेल्या इन्सुलेशन टेपचा डिंक वितळून ती सुटते, म्हणून जाणता कारागीर जोड आधी झाळून घेई आणि मग त्यावर नळी चढवी. काळ्या मातीची बारीक धूळ आणि जिनिंगच्या हंगामात हवेत तरंगणारे कापसाचे तंतू हेडवर, म्हणजे फितीवरील चुंबकीय नोंद वाचणाऱ्या भागावर, बसले की उंच स्वर आधी हरवतात. कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून हेड पुसणे आणि त्याच्या बाजूचा स्क्रू किंचित फिरवून हेड फितीला बरोबर काटकोनात आणणे, हे दोन मिनिटांचे काम, पण त्याने टेप नव्यासारखा वाजू लागे. परदेशातील पुस्तिकांत हे सर्व एखाद्या ओळीत उरकलेले असते, तर येथे त्याच ओळीवर कारागिराचा संसार चालत होता.

आवाज वाढवण्याची भूक ही याच काळातली. साध्या संचाला १२ व्होल्टवर आणि ४ ओहमच्या स्पीकरवर सरळ जोडणीत चारपाच वॅटपेक्षा अधिक शक्ती देता येत नाही, हे विद्युतशास्त्राचेच बंधन आहे. दोन ॲम्प्लिफायर उलट दिशांनी एकाच स्पीकरला जोडण्याची ब्रिज पद्धत वापरली की ती सुमारे चौपट होते. मोटारीच्या संचांसाठी सान्यो कंपनीने काढलेली एलए ४४४० ही चिप दोन्ही प्रकारे वापरता येई, आणि देशभरातील छोट्या कारागिरांप्रमाणे खानदेशातही तिच्या पाट्या जुळवून, ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीवर बसवून, स्थानिक ॲम्प्लिफायर तयार होत. ‘चव्वेचाळीस-चाळीस’ म्हटले की पुढे काही सांगावे लागत नसे. ट्रकमध्ये मात्र दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट घेतलेले असत. कन्व्हर्टरचा खर्च टाळण्यासाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढण्याची सोपी वाट काही जण घेत, आणि त्यामुळे एक बॅटरी सतत उपाशी राहून दोन्ही बॅटऱ्यांचे आयुष्य घटे. बॅटरीवरून थेट आणलेल्या वायरीत फ्यूज न टाकणे हा त्याहून गंभीर गुन्हा मानला पाहिजे, कारण पत्र्याच्या कडेला ती वायर घासली की आगीला दुसरे कारण लागत नाही.

१९९१ पूर्वी आयातीवर कडक निर्बंध असल्याने जपानी संच मिळवायचा तर आखातातून परतलेल्या नातेवाइकाकडून किंवा मुंबईतील मनीष मार्केटसारख्या बाजारांतून मिळवावा लागे, तर सुटे भाग लॅमिंग्टन रोडवरून येत. उदारीकरणानंतर पायोनियर, सोनी, केनवूड, जेव्हीसी ही नावे उघडपणे जिल्ह्याच्या दुकानांत मांडली गेली. धुळ्याचा आग्रा रोड आणि जळगावचे गोलाणी मार्केट यांसारख्या बाजारपेठांमुळे ग्राहकाला मुंबई गाठण्याची गरज उरली नाही. या संचांनी सोबत एक शिस्त आणली. जर्मन मानकातून आलेली आणि पुढे आंतरराष्ट्रीय मानक ७७३६ म्हणून मान्य झालेली १८२ बाय ५३ मिलिमीटरची चौकट जगभर एकच असल्याने, कोणत्याही कंपनीचा संच त्याच खाचेत बसू लागला. दुप्पट उंचीच्या चौकटीला डबल डिन म्हणतात. वायरींचे रंगही जवळजवळ एकसारखे झाले. पिवळी वायर बॅटरीला कायम जोडलेली, जेणेकरून घड्याळ आणि केंद्रांची स्मृती टिकावी, लाल वायर चावीवर, काळी बॉडीला, निळी एरियल किंवा ॲम्प्लिफायर जागे करायला, आणि पांढरी, करडी, हिरवी, जांभळी या जोड्या चार स्पीकरना. पिवळी आणि लाल एकत्र पिळून टाकण्याची घाई केली, तर संच चावी काढल्यावरही वीज खात राहतो आणि चार दिवस उभी राहिलेली गाडी ढकलावी लागते.

याच काळात वॅटच्या आकड्यांचा खोटेपणा शिगेला पोचला आणि त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ असे छापलेल्या संचामागे १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो; चालू गाडीत १४.४ व्होल्ट धरले तरी १५ अँपिअरच्या फ्यूजमधून २१६ वॅटच आत येऊ शकतात आणि त्यांतील मोठा भाग उष्णतेत जातो, म्हणजे दोनशे वॅट ध्वनी सतत बाहेर पडणे शक्यच नाही. खरी सततची शक्ती दर स्पीकरमागे वीस वॅटच्या आसपास असते. स्वस्त ॲम्प्लिफायरवर तर पीएमपीओ या नावाने हजारो वॅट छापले जात, ज्यांना मोजमापाचा कोणताही सर्वमान्य आधार नव्हता. प्रामाणिक दुकानदार ग्राहकाला हे समजावून सांगे आणि त्याच पैशांत मागच्या पार्सल ट्रेसाठी ६ बाय ९ इंचांचे बरे स्पीकर घ्यायला लावी.

शब्दशः अर्थाने ‘बदलणे’ येथे सुरू झाले ते १९९८ नंतर, जेव्हा सॅन्ट्रो आणि इंडिका आल्या आणि त्यांच्या व त्यांच्यानंतरच्या गाड्यांच्या वरच्या श्रेणींत कंपनीचाच संच येऊ लागला, तर खालच्या श्रेणीत त्या जागी प्लास्टिकचे झाकण राहिले. कंपनीचा कॅसेट संच काढून सीडी, मग एमपीथ्री, मग यूएसबी असा क्रम दहा-बारा वर्षांत उलगडला. मोबाइलच्या दुकानात पेन ड्राइव्हमध्ये शेकडो गाणी भरून मिळू लागली आणि कॅसेटचे दुकान बंद झाले; अहिराणी गाण्यांचा मुक्कामही तेथून यूट्यूबवर हलला. २००५ नंतरच्या लिलावांतून जळगाव आणि धुळ्यात खासगी एफएम केंद्रे आली, पण एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे शहर सोडून काही अंतर गेले किंवा धुळ्याजवळचा लळिंग घाट ओलांडला की त्यांची साथ सुटते.

अलीकडच्या गाड्यांत हा बदल पुन्हा अवघड झाला आहे. बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडलेली कॅन नावाची व्यवस्था गाडीतील निरनिराळ्या नियंत्रकांना दोनच तारांवरून एकमेकांशी बोलू देते, आणि कंपनीचा पडदा आता त्या संभाषणाचा भाग असतो: स्टिअरिंगवरील बटणे, मागचा कॅमेरा, काही गाड्यांत वातानुकूलनही त्यातून चालते. संच काढला की यांपैकी काहीतरी मुके होते. यावर व्यवसायाने शोधलेले उत्तर म्हणजे कपलर टू कपलर फिटिंग, ज्यात त्या त्या गाडीच्या मूळ प्लगशी जुळणारा तयार जोड वापरून एकही वायर न कापता नवा संच बसवतात आणि हवे तेव्हा जुना परत लावता येतो. वॉरंटी नाकारली जाण्याच्या भीतीवरही तेच औषध ठरले. विम्याच्या बाबतीत मात्र ग्राहक अजून गाफील आहेत. गाडीच्या मूळ किमतीत नसलेल्या विद्युत उपकरणांची किंमत पॉलिसीत स्वतंत्रपणे नोंदवून, आयएमटी २४ या कलमाखाली त्या किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता भरल्याशिवाय चोरी किंवा अपघातानंतर त्यांची भरपाई मिळत नाही, ही माहिती संच विकताना क्वचितच दिली जाते.

मोटारींचे काम आता बहुतांशी कार डेकोरच्या काचबंद दुकानांत गेले असून तेथे सीट कव्हर, फिल्म आणि अँड्रॉइड पडदा एकाच बिलात बसतो. जुन्या कसबाला मात्र ट्रॅक्टर, पिकअप आणि ॲपे रिक्षा यांनी काम पुरवले आहे, कारण ही वाहने बहुधा आजही ध्वनिसंचाविना कारखान्यातून बाहेर पडतात. ट्रॅक्टरला ना डॅशबोर्ड ना काच. संच ऊन, पाऊस आणि नांगरटीची धूळ सोसेल अशा पत्र्याच्या पेटीत घालून मडगार्डवर किंवा छताखाली घट्ट बसवावा लागतो, स्पीकरच्या पेटीखाली रबर द्यावे लागते, वायर सायलेन्सरपासून दूर नेऊन प्रत्येक वीतभर अंतरावर बांधावी लागते, आणि बॅटरीजवळ फ्यूज टाकून मगच पिवळ्या वायरीत वीज सोडावी लागते.